गळ्याभोवतीचं कापड

लंडनमध्ये आमच्या गल्लीत जोसेफ नावाचा कृष्णवर्णीय न्हावी आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की तो हळूच विचारतो, "प्रोस्टेटची तपासणी केलीस का? आपल्या काळ्या माणसांत हा कॅन्सर जास्त." फुटबॉलवर तावातावाने बोलणारी माणसं आरशातली नजर काढून घेतात. "बघू पुढच्या वेळी," म्हणतात. डॉक्टरकडे जायचं म्हटलं, की माझे वडीलही असंच म्हणायचे. पुरुषांना दुखणं सांगायला एवढं काय आड येतं, कोण जाणे.

आज मी विचारलं, "रोज तेच विचारून कंटाळत नाहीस?"

"कंटाळतो की," कापड झटकत तो म्हणाला. "पण माझा थोरला भाऊ याच कॅन्सरने गेला. वीस वर्षं त्याचे केस मीच कापले, आणि आम्ही फक्त फुटबॉलवर बोललो."