अक्का आणि माझी कात्री

बनशंकरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे नुसतं अक्का म्हणतात. मी घरीच पडदे, अभ्रे शिवून विकते. सातवा महिना लागला तशी माझ्या पोटातल्या बाळाची काळजी तिनं परस्पर स्वतःकडे घेतली. मला तेवढीच उसंत!

ग्रहणाच्या सकाळी येऊन तिनं माझी कात्री, सुया, सगळं उचललं. "ग्रहणात कापलंस तर बाळाचा ओठ फाटेल. स्वल्प, जरा स्वस्थ बस."

इतकी माया सख्ख्या आईलाही जमली नसती. मी मशीन झाकून बसून राहिले.

ग्रहण सुटलं आणि लगेच बेल वाजली. डोक्यावरून न्हालेली अक्का ओल्या केसांनीच दारात उभी. कात्री माझ्या हातात ठेवत म्हणाली, "सुटलं बाई एकदाचं! चल, बस मशीनवर. संध्याकाळी पाहुणे यायचेत, अन् माझे पडदे अजून तसेच पडलेत."