कुजवण्याची नोकरी

मला वस्तू कुजवण्याचा पगार मिळतो. आमचा कारखाना बादल्या आणि स्टुलांचा. मागच्या खोलीत मात्र एक मिश्रणाचं यंत्र, एक छोटी भट्टी आणि मी. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या प्लास्टिकमध्ये तागाचे बारीक तंतू आणि चाळलेली चिकणमाती घालून रोपांच्या कुंड्या करायच्या; रोप कुंडीसकट जमिनीत लावायचं आणि कुंडी तिथेच कुजून जायची, असा साहेबांचा बेत. हे घरी कळल्यापासून नणंद मला 'कुजकट वहिनी' म्हणते. माझं बोलणं ऐकलेल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

सुरुवातीला कुंड्या हातात मोडायच्या. मी माती वाढवली. मग त्या इतक्या टणक झाल्या की एक साहेबांच्या पायावर पडली, तर पाय सुजला, कुंडीला टवकाही नाही. मी मनातून खूश. पुढे त्यांचे तुकडे मातीच्या खोक्यांत पुरले, काही आठवड्यांनी काढून धुतले आणि तराजूवर ठेवले. वजन वाढलं होतं! कुजायला पुरलेली वस्तू बाळसं धरून वर आली होती.

"मॅडम, यांना कुजायला पाठवलं होतं की माहेरपणाला?" साहेबांनी विचारलं.

कुजत नाही तर निदान टिकेल तरी, अशी मी मनाची समजूत घातली, आणि उरलेल्या मिश्रणाचं एक स्टूल काढून सासूबाईंना अंघोळीला बसायला दिलं. त्यांनी शेजारणींना थेट बाथरूममध्ये नेऊन ते दाखवलं. मी दारात उभी राहून फुशारक्या मारल्या.

आणि एका सकाळी आतून हाक आली, "अगं ए, लवकर ये!"

स्टुलाचे पाय चार दिशांना फाकले होते आणि सासूबाई टॉवेल गुंडाळून फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या.

"आई, लागलं का कुठे?"

"लागायला पडले कुठे मी? सावकाश उतरले. मी आपली पाय चोळतेय, आणि समोरची बादली उंच उंच होत चाललीये!"

मला आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली. तेवढ्यात स्टुलाच्या पायावर बुरशी दिसली आणि मी ओरडले, "आई, कुजलं हो, कुजलं!"

नवरा बाहेरून म्हणाला, "डॉक्टरकडे न्यायचं कुणाला, आईला की हिला?"

रोजच्या गरम पाण्याने स्टार्च मऊ पडला होता. माझी खोकी मात्र जवळजवळ कोरडी. वास येऊ नये म्हणून मीच त्यांत जेमतेम पाणी शिंपडत होते. वर, धुतलेले तुकडे न वाळवता तराजूवर ठेवत होते, म्हणजे तंतूंनी प्यायलेलं पाणीही वजनात धरत होते. स्टुलाचा पाय टेबलावर ठेवून मी साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे दोष कुंडीचा नव्हता."

"नाही."

"मग कुणाचा?"

"शोधतेय," मी म्हणाले.

मग माती कमी केली, खोकी ओली ठेवली, तुकडे भट्टीत वाळवून तोलले. वजन घटायला लागलं. पहिल्या कुंड्या रोपवाटिकेत गेल्या. परवा तिथल्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या कुंड्या छान कुजतात हो."

मी आभार मानायला तोंड उघडलं.

"फक्त रोप विकलं जाईपर्यंत थांबत नाहीत."

सोमवारपासून मातीचं प्रमाण पुन्हा बघायला घेतलंय.