काटा शून्य म्हणतोय

पाथर्डी रस्त्यावरच्या वजनकाट्यावरचे काका माझ्या कांद्याने भरलेल्या टेम्पोचं इंजिन बंद करायला लावतात, मला खाली उतरवतात आणि मगच आकडा वाचतात. वाचला की स्वतःच त्याच्यावर शंका घेतात.

"चंद्रावर ह्योच कांदा हलका भरंल. मग खरं काय? वस्तुमान म्हन्त्यात, ते कुनी बघितलंय व्हय?"

मला मार्केट गाठायचं असतं, तरी ऐकत थांबतो.

परवा वजन झाल्यावर टेम्पो पुन्हा सुरूच होईना. मी स्टिअरिंगवर बसलो आणि काकांनी मागून खांदा लावला. टेम्पो आधी अडून बसला, मग हळूच काट्यावरून उतरला. काटा मागे पडल्यावर ढकलता ढकलताच त्यांनी वळून आकड्याकडे पाहिलं आणि धापा टाकत हसले.

"काटा शून्य म्हन्तोय! पन माझा खांदा म्हन्तोय, हाय, लई हाय!"