निळ्या अण्णांचा तीन चमच्यांचा चहा

निळे अण्णा चहात तीन चमचे साखर घालत, आणि गुळाचा खडा पुढे केला की हात मागे घेत. बीदरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथे लघवीतली साखर तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. निजामी जाऊन दोन-चार वर्षं झाली होती, तरी त्यांची वही उर्दूतच चालायची. सदऱ्यावर निळ्या द्रावणाचे डाग, म्हणून ते निळे अण्णा.

परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तर हिरवं, पिवळं आणि फारच असेल तर विटेसारखं लाल. अण्णा मात्र रोग्याला "हिरवी मिरची", "हळद" असं सांगत. सगळ्यात वाईट निकाल "बीदरची लाल माती". ऐकून रोग्यानं घाबरावं की हसावं, हे मला कधी कळलं नाही.

चहावरून टोकलं की ते प्रयोग मांडत. गुळाचं पाणी निळ्यात उकळलं की लाल, साखरेचं उकळलं तर निळंच. "बघा अक्का, साखरेनं रंग बदलला का? न्हाई. मग कामून भेता?" पण त्यांच्या पायाची जखम दोन महिने मीच बांधत होते आणि ती भरत नव्हती. अंगात साखर असली तर पाय जाईल, ही भीती मला होती. तुमचीही तपासणी करू म्हटलं की त्यांना शेजारच्या जनवाडा गावातलं काम आठवे.

शेवटी मी त्यांच्या बायकोला, गंगाक्कांना गाठलं. एके सकाळी त्यांनी पदराआडून बाटली आणून दिली. कशी मिळवली, ते मी विचारलं नाही. नाव न घालता ती अण्णांच्या टेबलावर ठेवली.

नळी लालभडक झाली. "बीदरची लाल माती," अण्णा म्हणाले. "ह्या माणसाला सांगा, गूळ बंद, साखर बंद."

"साखर कशाला? ती तर निळीच राहते."

"पोटात गेल्यावर फुटतीया की ती. मग लालच."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला राग आला आणि रडूही आलं. "बाटली तुमची आहे, अण्णा. गंगाक्कांनी आणलीय."

त्यांनी नवी नळी घेऊन पुन्हा उकळली. पुन्हा लाल. बराच वेळ ती खिडकीशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चहा बिनसाखरेचा सांगा."

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. जखम भरायला हिवाळा गेला. पुढे माझी गुलबर्ग्याला बदली झाली, तेव्हा निरोपाला पेढे आणले होते. अण्णांनी आपला पेढा माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही खावा, अक्का. मी वासावर भागवायलोय." मग माझी वळकटी खांद्यावर घेऊन मोटारस्टँडपर्यंत चालत आले, दोन्ही पायांवर.