जवानाची पेटी

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी मी लातूरच्या एका भंगारवाल्याकडून एका जवानाची पेटी विकत घेतली. तेव्हा मी एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. पेटी लोखंडी, एका अंगानं चेपलेली. आत एक पदक होतं, त्याच्या कडेला जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं. एक कातडी पट्टा, विरलेला स्वेटर आणि ॲल्युमिनियमची पाण्याची बाटली. बाटलीच्या कुशीला भोक होतं. ते दिसलं आणि माझ्या अंगावर काटा आला. गोळी!

कॉलेजात एनसीसीच्या पहिल्याच परेडला मी उन्हानं चक्कर येऊन पडलो होतो. त्यामुळे फौजी माणसाबद्दल मला फार आदर. मी क्लासच्या भिंतीला काचेचं कपाट ठोकून घेतलं, सगळं मांडलं आणि दर नव्या बॅचला त्या जवानाचा पराक्रम सांगू लागलो. पासष्टच्या लढाईत तो एकटाच खंदकात उरला होता, गोळी बाटलीवर बसली म्हणून वाचला, वगैरे. दरवर्षी शत्रूचे दोन-चार रणगाडे वाढायचे. एकदा तर मी त्या गोळीच्या वेगावर गणितच घातलं. पोरांनी सोडवलंही.

तीन वर्षांनी तो भंगारवाला मुलीला घेऊन तिच्या प्रवेशासाठी क्लासमध्ये आला. माझं कपाट बघून म्हणाला, "सर, नाव-नंबर लिवलेला हाय की. सैनिक ऑफिसात दाखवला का नाही? माणूस जिंदा असंल तर पेन्शन घेतच असंल."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. चौकशी केली तर माझी गोष्ट मोडेल, अशी भीती होती. पण आता त्याच्या मुलीसमोर काय बोलणार? ऑफिसात गेलो. माणूस जिवंत होता, उमरीला लेकीकडे राहत होता.

रविवारी पिशवीत पदक आणि बाटली घेऊन, एसट्या बदलत उमरी गाठली. म्हातारे दारात शेंगा फोडत बसले होते. मी लातूरचा मास्तर, तुमची पेटी माझ्याकडे आहे, असं सांगून मी बाटली पुढे केली आणि भीतभीत विचारलं, "बाबा, ही गोळी कुठं लागली?"

त्यांनी बाटली फिरवून बघितली. "गोळी? खिळ्यानं पाडलंय हे भोक, म्याच. आमच्या घरच्या मंडळींनी पेरू लावला व्हता. त्याला थेंब थेंब पाणी पडाया पायजे म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकाच बाजूला भोक हाय, सर. गोळी आतच ऱ्हाईली का मग?"

मी भौतिकशास्त्राचा मास्तर. हा प्रश्न तीन वर्षांत मला पडला नव्हता.

"तुम्ही पलटणीत काय होता?"

"लंगरात. सैपाकी."

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात गेलेलं. पहाटे घर पडलं तेव्हा ते शेतात होते, बायको आत होती. फौज ढिगारे उपसायला आली तेव्हा ते उठून जवानांसाठी चूल मांडून बसले. "दोन दिस वरण-भात वाढला पोरांना. मंडळी अजून घावायच्या व्हत्या," ते म्हणाले. "हात रिकामा ठिवला असता तर येडा झालो असतो." नंतर पत्र्याच्या शेडात जागा नव्हती म्हणून पुतण्यानं चेपलेल्या भांड्यांबरोबर पेटीही भंगारात घातली.

मी पदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पेटीत एक पळी व्हती. लांब दांड्याची. ती कुठं हाय?"

पळी होती. पण पळीत कसला आलाय पराक्रम? ती मी पहिल्याच दिवशी क्लासखालच्या खानावळीच्या मावशींना देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मावशींसमोर उभा राहिलो. "दिलेली वस्तू कुणी मागतं का सर?" त्या म्हणाल्या. सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पातेल्यातली पळी काढली, घासली, पुसली आणि म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई व्हय? मी रोज खरकट्यात टाकत व्हते हिला."

पुढच्या रविवारी एसटीत ती लांब पळी मांडीवर आडवी घेऊन बसलो. शेजारच्यानं विचारलं, "आचारी हाव का?" मी हो म्हणालो.

म्हाताऱ्यांनी पळी हातात तोलून बघितली. लेकीला चुलीपुढून उठवलं आणि स्वतः वरण करायला बसले. मला वाढून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मीठ कमी पडलं का? हात गेला आता."

मीठ चांगलंच कमी होतं.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. खोटं बोलायचा सराव होताच. त्यांनी आणखी एक पळी वाढली.