काकांनी काढू न दिलेलं वाक्य

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बदलापूरला, बेलवलीत गेले होते... माझ्या पीएचडीचं एक प्रकरण वाचून दाखवायला. ज्यांच्या विज्ञानकथांवर ते लिहिलंय, त्यांनाच.

काका अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिस्ट होते. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही. आयुष्यभर दिवाळी अंकांत लिहिलं, पण पुस्तक एकही नाही. त्यामुळे मी उल्हासनगर कॅम्प दोनच्या रद्दीवाल्यांकडे जुने अंक शोधत फिरायचे. तिथला एक सिंधी दुकानदार तर मला लांबून पाहूनच सांगायचा, "मॅडम, आज दिवाली वाला कुछ नहीं आया."

काकांची फुप्फुसं निकामी होत आली होती. पलंगावरच असायचे... नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी घरघरणारं मशीन.

वाचायला बसण्याआधी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रकरण त्यांनी वाचलं होतं. हळूच म्हणाल्या, "शेवटची पानं गाळ गं. आता नाही झेपायचं त्यांना."

मी हो म्हटलं. कौतुकाचा भाग वाचला आणि कागद मिटले. काका माझ्याकडे बघत राहिले.

"एवढंच? समीक्षा करतेयस की सत्कार? उरलेलं वाच."

काकूंनी मान खाली घातली. मी वाचलं...

लिहिलं होतं ते असं. सुरुवातीच्या कथांतली माणसं कुठल्या कुठे पुढच्या काळात जातात, नव्या जगात घरं बांधतात. पण एका टप्प्यानंतर या कथांतून भविष्यच नाहीसं होतं. यंत्रं असतात, पण माणसं फक्त मागे जातात, होऊन गेलेलं काहीतरी टाळायला. तीच कथा पुन्हा पुन्हा. लेखकाची कल्पनाशक्ती इथे संपलेली दिसते.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "त्याच सुमारास आमचा मुलगा गेला. कंपनीत रिॲक्टर फुटला. मीच चिकटवलं होतं त्याला तिथे." मग श्वास घ्यायला थांबले. "त्यानंतर पुढचं काही दिसायचंच नाही मला. संपादक कथा मागायचे, म्हणून लिहायचो."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतक्या वेळा त्या घरी गेले, पण तिथे मुलाचा फोटोसुद्धा नव्हता. मी कसंबसं म्हटलं, "काका, मी ते वाक्य काढते."

"काढू नको. खरं आहे ते. आणि कारणही घालू नको. पोराच्या मरणावर मला सूट नको."

थोड्याच दिवसांत काका गेले. दिवसकार्य झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"प्रबंधात नको लिहूस, त्यांनी सांगितलंय. पण बाहेर कुठेतरी लिही. तो गेल्यापासून या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही... यांना त्रास होईल म्हणून."

प्रबंध काल जमा केला. ते वाक्य होतं तसंच आहे. ही पोस्ट मात्र काकूंना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने टाकतेय.

मुलाचं नाव प्रसाद होतं.