न हललेला डावा पाय

मागच्या वर्षी आयांच्या बास्केटबॉल सामन्यात पंचाने माझ्याविरुद्ध शिट्टी वाजवली, ती मला आजही मान्य नाही. शेवटचे काही क्षण उरले होते, बास्केट समोर मोकळी होती, चेंडू माझ्या हातात होता, आणि तो म्हणाला की मी चेंडू घेऊन चालले. मी बाजारात चालते, देवळात चालते. तिथे मी उभी होते. आम्ही हरलो. त्यावर मी त्याला भर मैदानात जे ऐकवलं, त्यापायी माझ्या मुलीने घरी माझ्याशी अबोला धरला.

हा पंच बँकेत नोकरीला आहे, एकटा राहतो आणि दुपारचा माझ्या खानावळीत जेवतो. एका स्टोव्हवर सुरू केलेली खानावळ आहे ही, इथे कुणाला काय वाढायचं ते मी ठरवते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात सुरमईचा मधला तुकडा पडणं बंद झालं. वर्षभर शेपटी. तो काटे काढत मुकाट्याने खायचा. कारण विचारलं नाही, म्हणजे कळलं होतं.

यंदा सामना जवळ आला तेव्हा मुलीने अट घातली. ती क्लबात लहान मुलींना शिकवते आणि आमच्या संघाचीही तीच प्रशिक्षक. म्हणाली, पाय जागेवर राहिला तरच तुला उतरवणार. मी म्हटलं, निदान अर्धा सामना. नाही. शेवटची पाच मिनिटं? तेही नाही. पोरगी माझ्याच खानावळीत वाढली आहे, भाव सोडत नाही.

मग रोज सकाळी घरापुढच्या खळ्यात सराव सुरू झाला. चेंडू घेऊन थांबलं की एक पाय खिळल्यासारखा ठेवायचा आणि दुसरा हवा तिकडे टाकून अंग फिरवायचं. गुडघे वाकलेले, भार चवड्यावर, मान वर. मुलीने चिऱ्यांवर खडूने गोल काढला आणि माझा डावा पाय त्यात ठेवला. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकू बघत होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. "काय गो, कसलं व्रत धरलंस?"

एकटी असले की जमायचं. पण मुलगी हात पसरून आडवी आली, की डावा पाय गोलाबाहेर. का, ते मला कळेना. तिला कळलं मिरकरवाड्याच्या बंदरावर. मासळी घ्यायला ती माझ्यासोबत आली होती. माझी पद्धत ठरलेली आहे. मी भाव सांगते, समोरची नाही म्हणते, मी पाठ फिरवून चालू लागते आणि ती मला हाक मारते. चालताना मी खरोखरच चिडलेली असते, म्हणून ते लागू पडतं.

"आई," मुलगी म्हणाली, "तुला कुणी अडवलं की तू निघतेस. हातात चेंडू असो नाहीतर पिशवी."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाव सांगितला आणि तिथेच उभी राहिले. मासळीवाली माझ्या जाण्याची वाट बघत होती. मी गेले नाही. उजवा पाय टाकून शेजारच्या टोपलीत डोकावले, फिरून परत तिच्यासमोर. आता हाक कुणाला मारणार? "वहिनी, बरं नाही वाटत काय?" तिने विचारलं. शेवटी मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा तिने माझ्या भावात मासळी पिशवीत टाकली. त्या दिवसापासून मी डाव्या पायाला मान द्यायला लागले.

मुलीने मला उतरवलं. सामन्यात शेवटी चेंडू माझ्याकडेच आला. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबले, जराही डगमगले नाही. समोर एक उंच बाई हात पसरून उभी. डावा पाय खिळलेला. उजवा पुढे, मागे, बाजूला. पंच कमरेत वाकून माझ्या पायाकडे बघत होता आणि मी तो बघतोय ना ते बघत होते. कडेला मुलगी काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय.

शिट्टी वाजली.

"हलला पाय?" मी विचारलं.

"नाही वहिनी, अजिबात नाही. पण कुणी अडवून उभं असताना चेंडू धरून इतका वेळ थांबता येत नाही. पाच सेकंदांत सोडावा लागतो."

मी मुलीकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला होता. "पास दे म्हणून ओरडत होते मी," ती म्हणाली. हा नियम मला आधी सांगायला नको? पंचाला मी यंदाही ऐकवलं, पण सगळं एका जागेवरून. ते बघून मुलीने पुढच्या वर्षाची संघातली माझी जागा तिथल्या तिथे पक्की केली.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. ताटातली शेपटी बघून म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगितलं ना, पाय हलला नाही म्हणून."

"मागच्या वर्षीचंही मागे घ्या, साहेब. मधला तुकडा देते."

"मागच्या वर्षी हलला होता."

एवढं बोलून तो ताटावरून उठला आणि दाराकडे चालू लागला. वर्षभर खाली मान घालून जेवणारा माणूस. मी त्याला उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं. मग हाक मारली.

मधला तुकडा वाढला. पण मागच्या वर्षी पाय हलला नव्हता.